खोलीतल्या पोकळीचे ओतकाम: शेकोटीच्या भिंतीपर्यंतची प्रगती

ब्रिटिश शिल्पकार रेचल व्हाइटरीड यांच्या ‘घोस्ट’ या शिल्पाचा अभ्यास म्हणून १:२० प्रमाणात करायला घेतलेल्या खोलीच्या दोन बाजू, दाराची आणि शेकोटीची, आता ओतून आणि वाळवून तयार झाल्या आहेत. व्हाइटरीड यांनी १९९० मध्ये उत्तर लंडनमधील एका व्हिक्टोरियन घराच्या दिवाणखान्यातील भिंती, दार, खिडकी आणि शेकोटी यांच्यावर प्लास्टरचे थर देऊन ते तुकड्यातुकड्यांनी काढले आणि पोलादी सांगाड्यावर उलटे, म्हणजे खोलीच्या आतला पृष्ठभाग बाहेर येईल असे, पुन्हा रचले. मूळ शिल्प सुमारे २.७ मीटर उंच असून त्याच्या बाजू सुमारे ३.५ आणि ३.२ मीटर आहेत. माझ्या प्रतिकृतीची उंची त्यामुळे साडेतेरा सेंटिमीटर येते. एकंदर मापे मी त्या शिल्पाची घेतली असली, तरी दार, खिडकी आणि शेकोटी यांची मांडणी व्हिक्टोरियन घरांच्या सर्वसाधारण रचनेवरून स्वतः आखली आहे.

साच्यासाठी एमडीएफच्या (लाकडी तंतू दाबून केलेल्या फळ्यांच्या) भिंती तयार करून त्यांवर लाखेच्या पॉलिशचे हात दिले आणि ओतण्यापूर्वी साबणाचा पातळ लेप लावला. वजनाने १०० भाग प्लास्टर ऑफ पॅरिसला ७० भाग पाणी हे प्रमाण बारीक तपशिलांसाठी मला योग्य वाटते. प्लास्टर पाण्यात भुरभुरत सोडावे, ते भिजू द्यावे आणि मगच सावकाश ढवळावे. असे केल्याने हवेचे बुडबुडे पुष्कळ कमी होतात. पाणी शोषून जिप्सम होताना प्लास्टर तापते आणि किंचित प्रसरणही पावते, त्यामुळे ते कठीण साच्यात घट्ट धरले जाते. म्हणून शेकोटीच्या पोकळीला आणि तिच्यावरच्या फळीला मी मुद्दाम दोन-तीन अंशांचा उतार ठेवला, आणि संपूर्ण तुकडा काठ न तुटता सरळ वर निघाला.

शेकोटीच्या भिंतीवर मी सर्वाधिक वेळ दिला, कारण अवकाश उलटला म्हणजे नेमके काय घडते ते याच भिंतीवर सर्वांत स्पष्ट दिसते. धुराड्याचा भाग खोलीत पुढे आलेला असतो, तो ओतकामात मोठा खोलगट पट्टा होतो. त्या खोलगटीतून शेकोटीची पोकळी भरीव ठोकळ्यासारखी बाहेर येते, फळीच्या जागी खाच पडते आणि भिंतीच्या पायथ्याची पट्टी आत दबते. दाराच्या भिंतीवर चौकटीतले दबलेले तक्ते उठून दिसतात. हे सारे कागदावर आधीच आखलेले असूनही प्रत्यक्ष तुकडा हातात आल्यावर डोळ्यांना ते पटायला वेळ लागतो, आणि माझ्या मते हा विलंबच या प्रकारच्या शिल्पाचा खरा आशय आहे. खोली आपल्याला नेहमी आतून, एका वेळी एक-दोन भिंती पाहत आणि मान वळवत कळते. येथे तीच खोली बाहेरून, वस्तूसारखी भोवती फिरून पाहावी लागते आणि आत शिरण्याची वाट कुठेच उरत नाही.

अमेरिकन कलाकार ब्रूस नाउमन यांनी १९६० च्या दशकात खुर्चीखालच्या जागेचे काँक्रीटमध्ये ओतकाम केले होते, त्यामुळे पोकळीला घनरूप देण्याची कल्पना व्हाइटरीड यांच्या आधीची आहे. मात्र खोलीच्या आकारापर्यंत गेल्यावर पाहणाऱ्याचे शरीर त्या हिशेबात येते. १९९३ मध्ये पूर्व लंडनमधील ग्रोव्ह रोडवर व्हाइटरीड यांनी एक अख्खे घर आतून काँक्रीट फवारून ओतले आणि बाहेरच्या भिंती काढून टाकल्या. ते ‘हाउस’ जानेवारी १९९४ मध्ये पाडण्यात आले.

लहान प्रतिकृतीत शरीराचा हा संबंध सहज तुटतो, कारण वरून पाहिले की ती केवळ नक्षीदार ठोकळा वाटते. त्यावर मला सापडलेला उपाय साधा आहे: उभ्या माणसाची नजर दीड मीटरवर धरली, तर या प्रमाणात ती साडेसात सेंटिमीटरवर येते, म्हणून तुकडे अशा उंचीवर ठेवावेत की आपला डोळा त्यांच्या तळापासून तेवढाच वर राहील, आणि एक डोळा मिटून पाहावे. प्रकाश एका बाजूने तिरपा पाडल्यास उथळ खाचाही वाचता येतात. समोरून पाडल्यास उंचवटा आणि खोलगट यांतला भेद जवळजवळ नाहीसा होतो.

आता खिडकीची भिंत घ्यायची आहे. तिथे काचा बाहेर येतील आणि काचांमधल्या बारीक पट्ट्या चरांसारख्या उतरतील, म्हणून त्या पट्ट्यांनाही उतार देता येईल एवढी जाडी मी आराखड्यात वाढवली आहे. तुकड्यांमधले सांधे मात्र भरायचे नाहीत. ‘घोस्ट’मध्येही ते उघडे दिसतात आणि त्यांच्यामुळेच भिंतीवर मूळ खोलीत नसलेली जाळी उमटते.