उंची किती?

1996 च्या जानेवारीत शाळेच्या सायकल शेडचं एक कौल फुटलं, ते आमच्या रॉकेटनं. तेव्हा आम्ही चौघं नववी ‘ब’ मध्ये होतो. स्मरणिकेसाठी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा मला आधी ते कौल आठवलं आणि पाठोपाठ विज्ञानाच्या सरांचा प्रश्न.

खरं तर आम्हाला दारूचं रॉकेट करायचं होतं. दिवाळीतले न उडालेले फटाके सोलून दारू काढायची, लोखंडी नळीत ठासायची आणि वात लावायची, असा बेत होता. नळी दप्तरातून आणलीसुद्धा होती. सरांनी ती काढून घेतली. रागावले नाहीत, पण आवाज एकदम खाली आणून म्हणाले, “दारूला हात लावायचा नाही. नळी फुटली तर तिचे तुकडे कुणाच्या डोळ्यात जातील हे तुम्ही ठरवणार नाही.” मग तो तास त्यांनी थुंब्याबद्दल सांगण्यात घालवला. 21 नोव्हेंबर 1963 ला केरळच्या किनाऱ्यावरच्या या गावातून आपल्या देशातलं पहिलं रॉकेट उडालं. तिथं चर्चच्या इमारतीत कचेरी होती आणि रॉकेटचे भाग सायकलवरून न्यायचे. घन इंधनाच्या कामात वसंत गोवारीकरांसारखा आपला मराठी माणूस होता, हे सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता. शेवटी म्हणाले, “त्यांच्याकडं सायकल होती. तुमच्याकडं सायकलचा पंप आहे. पाणी आणि हवा, एवढ्यावर करून दाखवा.”

थंड पेयाची दीड लिटरची बाटली लग्नघरातून मिळाली. सोड्याचा दाब सोसायला केलेली असते, म्हणून तीच हवी, असं सरांनी बजावलं होतं. प्रयोगशाळेतलं रबरी बूच घेऊन त्यातून फुटबॉलमध्ये हवा भरायची सुई आरपार घातली. पंख आधी पुठ्ठ्याचे केले, ते पाण्यानं लगदा झाले. मग तेलाच्या पाच लिटरच्या कॅनमधून तीन पंख कापले. बाटली उलटी उभी राहावी म्हणून जमिनीत तीन सळया रोवल्या. पंपाची नळी लांब जोडून घेतली, कारण रॉकेटपासून दहा पावलांच्या आत कुणी उभं राहायचं नाही असा नियम होता.

पंप मारत गेलं की आत हवा दाबली जाते, एका क्षणी बुचाची पकड सुटते आणि ती हवा पाण्याला खाली फेकते. पाणी खाली, बाटली वर. न्यूटनचा तिसरा नियम आम्हाला तोंडपाठ होता. तरीही बाटली दोन पुरुष वर गेली, कोलांटी खाल्ली आणि आडवी होऊन सरळ शेडवर आदळली.

सरांनी कारण सांगितलं नाही. दोरी दिली. “बाटली जिथं तोलून राहते तिथं दोरी बांधा आणि डोक्याभोवती गरगर फिरवा.” फिरवली, तर बाटली शेपटी पुढं करून जात होती! गुरुत्वमध्य मागं राहिला होता. वारा ज्या जागी रेटतो ती जागा गुरुत्वमध्याच्या मागं हवी, म्हणजे टोक भरकटलं तरी वाराच त्याला सरळ करतो. आमचं सगळं उलटं होतं. गणपतीची उरलेली शाडू भिजवून टोकाला बसवली, वर जुन्या रबरी चेंडूची अर्धी टोपी चिकटवली. पुन्हा दोरी. थोडी शाडू वाढवली. पुन्हा दोरी. पाचव्या खेपेला टोक पुढं धरून बाटली गोल फिरली, तेव्हा ती उडायच्या आधीच आम्ही ओरडलो होतो.

त्या संध्याकाळी रॉकेट सरळ वर गेलं. पाण्याचा पांढरा फवारा खाली राहिला, आम्ही चौघं नखशिखांत भिजलो आणि धावत सरांकडं गेलो. “सर, खूप उंच गेलं!”

“खूप म्हणजे किती?”

आम्ही म्हटलं, पिंपळाएवढं. सर म्हणाले, “पिंपळ किती उंच?”

या प्रश्नानं पुढचे तीन आठवडे खाल्ले, आणि ते दिवस मला उड्डाणापेक्षाही जास्त आठवतात. कंपासमधला कोनमापक उलटा धरला, त्याच्या मध्यातून दोरा सोडून टोकाला नट बांधला, वरच्या कडेला पेनाची रिकामी नळी चिकटवली. रॉकेटपासून 30 मीटरवर उभं राहून नळीतून त्याचा माथा गाठायचा आणि दोरा बोटानं तिथंच दाबायचा. हे काम वर्गातल्या एका मुलीकडं होतं, कारण तिचा हात हलत नसे. आम्हाला त्रिकोणमिती आली नव्हती, म्हणून सरांनी प्रमाणात आकृती काढायला लावली. 1 सेंटिमीटर म्हणजे 3 मीटर. पाया 10 सेंटिमीटर, कोन 33 अंश, उभी रेघ साडेसहा सेंटिमीटर. म्हणजे साडेएकोणीस मीटर, त्यात तिच्या डोळ्यांची उंची मिळवून साधारण 21.

मग पाणी बदलून पाहिलं. प्रत्येक मापाला तीन उड्डाणं, सकाळी वारा पडलेला असताना. पाव लिटरला 16 मीटर, अर्ध्या लिटरला 21, पाऊण लिटरला 15, एक लिटरला जेमतेम 9. पाणी कमी घातलं तर ढकलायला काही उरत नाही, जास्त घातलं तर ढकलणाऱ्या हवेलाच जागा उरत नाही. एक तृतीयांश पाणी सगळ्यांत चांगलं, हे कुठं वाचलं नव्हतं. आमच्या वहीत आमच्याच अक्षरात ते उमटलं. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात आम्ही ती वही मांडली.

21 मार्चला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-डी3 हे आपलं रॉकेट उडालं. त्यातला आयआरएस-पी3 हा उपग्रह 817 किलोमीटर उंचीवर गेला. सरांनी कात्रण फळ्याशेजारी डकवलं आणि विचारलं, “तुमच्या वहीत काढायचं झालं तर कागद केवढा लागेल?” आमचं रॉकेट त्या वहीत 7 सेंटिमीटर होतं. गणित केलं, उत्तर आलं 2 किलोमीटर 723 मीटर.

“चला, बघून येऊ,” सर म्हणाले.

सायकलच्या टायरवर खडूची खूण केली. चाकाचा घेर 2 मीटर 20 सेंटिमीटर भरला. सायकल हातात धरून शाळेच्या फाटकापासून निघालो, एकानं फेरे मोजायचे, दुसऱ्यानं शंभरावर बोट मोडायचं. ओढा मागं पडला, पेट्रोल पंप मागं पडला, उसाची शेतं सुरू झाली. 1238 व्या फेऱ्याला चाक थांबलं, तेव्हा आम्ही गुऱ्हाळासमोर उभे होतो. सरांनी वहीतली पट्टी काढली, फाटकाच्या दिशेला तोंड केलं आणि तिच्यावरच्या 7 च्या खुणेवर अंगठा ठेवून आम्हाला दाखवली.