पंधरा हजार रोपांचा विसार

अमळनेर तालुक्यातील एका गावात मी जनरल प्रॅक्टिस करतो. फेब्रुवारीत कापसाची शेवटची वेचणी आटोपली आणि त्याच सुमारास ३४ वर्षांचा एक कोरडवाहू शेतकरी पत्नीबरोबर माझ्या दवाखान्यात आला. ‘डॉक्टरसाहेब, काहीच गोड लागत नही,’ एवढेच तो बोलला. बाकीचे पत्नीने सांगितले. दोन महिन्यांपासून तो पहाटे तीनलाच जागा होई, सकाळी अंथरुणातून उठणे त्याला सर्वांत जड जाई आणि दिवस कलला की थोडे बरे वाटे; अंगावरचे कपडे ढगळ झाले होते आणि रोज पारावर बसणारा हा माणूस आता उंबरठा ओलांडत नव्हता. अशक्तपणा समजून दोन ठिकाणी त्याला सलाईन लावून झाले होते. आमच्या भागात उदास माणूस सलाईनवाचून सहसा सुटत नाही.

हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड मी तपासून घेतले, कारण थायरॉइड मंदावले तरी माणूस असाच दिसतो. अहवाल ठीक निघाले. मन उदास राहणे किंवा कशातच रस न उरणे, आणि त्यासोबत झोप, भूक, शक्ती, एकाग्रता यांची पडझड, हे दोन आठवडे किंवा अधिक काळ टिकले की त्याला नैराश्याचा आजार म्हणावे लागते, आणि इथे तर दोन महिने उलटले होते. मरणाचे विचार येतात का, हे मी त्याला स्पष्ट शब्दांत विचारले. तो खाली पाहून ‘येतस’ म्हणाला. घरातील फवारणीची सगळी औषधे भावाच्या घरी कुलपात ठेवण्यास मी पत्नीला सांगितले आणि एस्सिटालोप्रॅम ही नैराश्यावरची गोळी सुरू केली. या गोळीने सवय लागत नाही, पण परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे जातात, बरे वाटल्यावरही ती किमान सहा महिने घ्यावी लागते आणि मध्येच एकदम बंद करायची नसते, हेही समजावले. सलाईनच्या गर्दीत आपण नेमके निदान केले याचे मला बऱ्यापैकी समाधान वाटत होते, हे कबूल केले पाहिजे.

सोळाव्या दिवशी, ऐन बाजाराच्या दिवशी, तो एकटाच आला. नवा शर्ट, हातात पेढ्यांचे चार पुडे. बाहेर बसलेल्या प्रत्येक रुग्णाला त्याने पेढा दिला, माझ्या कंपाउंडरला मोटारसायकल घेऊन देण्याचे वचन दिले आणि आत येऊन खुर्चीवर न बसता बोलू लागला. त्याने टिश्यू कल्चरच्या केळीच्या पंधरा हजार रोपांचा विसार दिला होता. पाच फूट बाय पाच फूट अंतरावर लावली तरी एवढ्या रोपांना साडेआठ एकर लागतात. याच्याकडे चार एकर, तीही पावसाच्या भरवशावर. ‘पाण्याचे काय?’ असे विचारल्यावर तो हसला आणि सहा बोअर घेणार असल्याचे म्हणाला. तीन रात्री तो झोपलेला नव्हता आणि त्याला थकवाही नव्हता. दोन आठवड्यांपूर्वी या माणसाकडून एक वाक्य काढायला मला दहा मिनिटे लागली होती.

मी घरी फोन लावला. त्याची आई धावत आली आणि दारातच म्हणाली, ‘त्या सालले बी आसंच व्हयनं व्हतं.’ चार वर्षांपूर्वी कानबाईच्या रोटांच्या वेळी, म्हणजे श्रावणातल्या आमच्या खानदेशी देवीच्या उत्सवात, तो जागरणाला बसला होता. सोमवारी कानबाईचे विसर्जन झाले, गावकरी घरोघर झोपले, पण हा पुढे आठ रात्री गाणी म्हणत गावभर फिरत राहिला. देवीचे वारे म्हणून गावाने हात जोडले आणि ते पुढे आपोआप ओसरले. आजार म्हणून कोणी त्याकडे पाहिले नाही, त्यामुळे मला सांगण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो मी न विचारल्याचा. ‘याच्या उलट कधी झाले होते का?’ एवढेच विचारायचे राहिले होते. त्याचे नैराश्य द्विध्रुवी विकारातील होते. या आजारात उदासीचा आणि उन्मादाचा काळ आलटून पालटून येतो, आणि त्यात नैराश्याची नुसतीच गोळी दिली तर रुग्ण उन्मादात ढकलला जाण्याचा धोका असतो.

त्याच दुपारी त्याला भावाबरोबर जळगावला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. एस्सिटालोप्रॅम बंद झाले आणि लिथियम सुरू झाले. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ मध्ये उन्मादावर याचा उपयोग दाखवून दिला होता. औषध गुणी आहे, पण उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे. घामाने पाणी आणि मीठ कमी झाले की रक्तातील लिथियम वाढते, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांपुढे जातो. उन्हात नांगरटीला जाऊ नये, जेवणातले मीठ एकदम कमी करू नये, अंग दुखले म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घेऊ नये, हात थरथरले किंवा उलट्या-जुलाब लागले तर त्याच दिवशी यावे, हे मी घरातील तिघांनाही वेगवेगळे सांगितले. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी तो माझ्याकडे रक्त द्यायला येई, तेही सकाळची गोळी न घेता.

रोपांच्या विसाराचे निम्मे पैसे परत मिळाले.

श्रावणात त्याची आई पुन्हा आली. यंदा रोट त्यांच्याच घरी होते आणि त्याला जागरणाला बसू द्यावे का, हे तिला विचारायचे होते. झोप मोडली की उन्माद पुन्हा उसळू शकतो, म्हणून नको म्हणणे सोपे होते. पण ज्याच्या घरी कानबाई बसते, त्यालाच दूर ठेवायचे कसे? दहापर्यंत बसू द्या, असे मी म्हणालो. ठरल्याप्रमाणे दहाला तिने त्याला उठवले, शेजारच्या घरी अंथरूण घालून दिले, आणि बायांची गाणी ऐकत तो अर्ध्या तासात झोपी गेला.