कार्ल्सबर्ग: यीस्ट सगळ्यांना, मताधिकार मात्र हातात
१८८३ साली कोपनहेगनजवळच्या जुन्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीतली बिअर बिघडू लागली. बिअर नासली की दोष जीवाणूंचा, असं तेव्हा मानलं जाई. कंपनीच्याच प्रयोगशाळेतल्या एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी दाखवलं, की खरा उपद्रव यीस्टमध्ये मिसळलेल्या रानटी यीस्टचा आहे. ते थोडंसं असलं तरी बिअर कडवट आणि गढूळ होते.

त्यांचा उपाय आजही वाचण्यासारखा आहे. यीस्ट खूप पातळ करायचं, वोर्ट (माल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून काढलेला गोड रस) आणि जिलेटिनमध्ये मिसळून काचेच्या पातळ झाकणीवर पसरायचं आणि ती झाकणी ओलसर कुपीवर पालथी ठेवायची. सूक्ष्मदर्शकाखाली एकट्या पडलेल्या पेशी हेरून त्यांच्या जागा लगेच टिपून ठेवायच्या. इथेच घाई किंवा आळस नडतो: खूण उशिरा केली तर शेजारच्या दोन पेशींची मिळून झालेली वसाहत एकाच पेशीची वाटते, आणि सगळी मेहनत वाया. खोली तापली तर जिलेटिन वितळून पेशी जागा सोडतात. खात्रीची वसाहत निर्जंतुक तारेने उकळून थंड केलेल्या वोर्टमध्ये न्यायची, मग टप्प्याटप्प्याने मोठ्या भांड्यांत वाढवायची.

अशा शुद्ध यीस्टवर १८८३च्या नोव्हेंबरात कार्ल्सबर्गमध्ये बिअर आंबवली गेली. संस्थापक जे. सी. याकोबसेन सुरुवातीला साशंक होते, पण निकाल पाहून त्यांनी ते यीस्ट इतर ब्रुअरींनाही दिलं. हा निव्वळ मनाचा मोठेपणा नव्हता. प्रयोगशाळेचा कोणताही महत्त्वाचा निष्कर्ष गुप्त ठेवायचा नाही, असा नियमच त्यांनी घालून दिला होता. धंद्यात इतका धाडसी नियम क्वचितच सापडेल! बार्लीतला नायट्रोजन मोजण्याची केल्डालची पद्धत (१८८३) आणि सोरेनसेनचं पीएच मापन (१९०९) याच प्रयोगशाळेतून जगभर गेले. नायट्रोजनवरून प्रथिनांचं प्रमाण कळतं; बार्लीत प्रथिनं जास्त असली तर माल्टमधून मिळणारा अर्क कमी पडतो आणि बिअर गढुळते, म्हणून केल्डालची पद्धत खरेदीच्या वेळीच कामी येते.

याकोबसेन यांनी १८७६ साली कार्ल्सबर्ग प्रतिष्ठान स्थापलं आणि १८८७ साली त्यांच्या निधनानंतर ब्रुअरी या प्रतिष्ठानाकडे गेली. कंपनीचे शेअरही दोन प्रकारचे: 'अ' शेअरला 'ब'च्या दहापट मतं. त्यामुळे आज प्रतिष्ठानाचं भांडवल साधारण ३० टक्के असलं, तरी मतं ७० टक्क्यांच्या वर आहेत.

पूर्वी निम्म्याहून अधिक भांडवल प्रतिष्ठानाकडेच ठेवण्याची अट होती. नवे शेअर काढून मोठी खरेदी करायला ती आड येई. २००७ साली ती शिथिल झाली, आणि २००८ साली हाइनेकेन या डच बिअर कंपनीबरोबर स्कॉटिश अँड न्यूकॅसल ही ब्रिटिश बिअर कंपनी विकत घेता आली. त्यातून रशियातल्या बाल्टिका या बिअर कंपनीचा पूर्ण ताबा मिळाला. एकाच बाजारावर एवढी भिस्त ठेवणं मला तरी महागातला निर्णय वाटतो. २०२२ साली कंपनीने रशिया सोडायचं ठरवलं, जुलै २०२३मध्ये रशियन सरकारने बाल्टिका तात्पुरत्या व्यवस्थापनाखाली घेतली, आणि अखेर डिसेंबर २०२४मध्ये ती विकून कार्ल्सबर्ग तिथून बाहेर पडली.