आमची वाटचाल : भांडी बाजारातील वही आणि पळवलेली यादी

२०१० साली कॉलेज रोडवरील एका दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघांनी हा व्यवसाय सुरू केला. भागीदाराने ग्राहक आणायचे आणि मी कीवर्ड, म्हणजे लोक गूगलवर टंकतात ते शब्द, शोधायचे, अशी वाटणी होती. ‘वेबसाइट करून देतो’ म्हणणारे तेव्हाही नाशकात पुष्कळ होते. पण ती वेबसाइट लोक कोणत्या शब्दांनी शोधतील हे ठरवण्याचे वेगळे पैसे का द्यावेत, हे लॉजमालकापासून द्राक्षबागायतदारापर्यंत प्रत्येकाला पटवावे लागे. शहराच्या नावापासूनच डोकेदुखी होती, कारण रोमन लिपीत ते कोणी ‘एच’ घालून लिहितो, कोणी न घालता.

आमचे पहिले ग्राहक म्हणजे भांडी बाजारातील तांब्या-पितळेचे एक जुने व्यापारी. त्यांना आम्ही काकाच म्हणतो. गूगलच्या कीवर्ड टूलमधून काढलेली यादी मी मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे ठेवली होती आणि तिच्यात सर्वांत वर ‘कॉपर वॉटर हीटर’ होते. काकांनी विचारले, “हे शोधणाऱ्याला हवं काय असतं?” तिथेच शोधून पाहिले, तर विजेचे गीझर निघाले. काकांकडे होता बंब. “चार दिवस गल्ल्यापाशी बस आणि गिऱ्हाईक काय बोलतं ते लिही,” असे म्हणून त्यांनी हिशेबाची एक कोरी वही माझ्या हातात दिली. गंगापूर रोडच्या एका बाईंना ‘आजीकडे होता तसला पाणी तापवायचा बंब’ हवा होता, एका खानावळवाल्याला ‘पातेल्यांना कल्हई करून’ हवी होती, आणि रामकुंडावरून आलेल्या यात्रेकरूंना ‘गंगेचं पाणी न्यायला झाकणाचा तांब्या’. टूलमध्ये यांतील बहुतेक शब्दांपुढे आकड्याऐवजी नुसती रेघ होती. आम्ही त्याच शब्दांवर पाने लिहिली, आणि त्या दिवाळीच्या सुमारास काकांना बंबासाठी पुण्याहून फोन येऊ लागले. पुढे प्रत्येक ग्राहकाकडे असेच बसून मी जी यादी वाढवत नेली, ती आमची खरी मालमत्ता होती.

भागीदाराला मात्र एवढा धीर नव्हता. पाने गूगलवर वर चढावीत म्हणून त्याने इतरांच्या वेबसाइटांवरून आमच्या ग्राहकांकडे येणाऱ्या लिंक घाऊक भावाने विकत घ्यायला सुरुवात केली आणि प्रत्येक लिंकवर तोच तो कीवर्ड ठोकला. मी अडवले नाही, ही माझी चूक; आकडे वर चढताना पाहून मलाही बरे वाटत होते. २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने पेंग्विन नावाचा बदल लागू केला, तो नेमका अशाच विकतच्या लिंकांवर आणि कीवर्डच्या कोंबाकोंबीवर होता. आठवड्याभरात आमच्या बहुतेक ग्राहकांची पाने दिसेनाशी झाली. त्यातच, लोक कोणत्या शब्दांनी आले हे ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे वेबसाइटवरची वर्दळ मोजणाऱ्या साधनात, लपवायला गूगलने ऑक्टोबर २०११ पासून सुरुवात केली होती आणि त्या जागी ‘नॉट प्रोव्हायडेड’ एवढेच उमटत असे, त्यामुळे पडझड नेमकी कुठे झाली हेही धड कळेना. जूनमध्ये भागीदार निघून गेला. जाताना त्याने निम्म्याहून अधिक ग्राहक नेले, माझी यादी नेली, आणि थकलेले भाडे व दोन मुलांचे पगार माझ्यासाठी ठेवले.

त्या पावसाळ्यात काकांनी वर्षाचे पैसे एकरकमी दिले आणि पावतीसुद्धा मागितली नाही. ऑक्टोबरमध्ये गूगलने डिसॲव्हाव टूल आणले, म्हणजे ‘या लिंक आमच्या धरू नका’ असे गूगलला कळवण्याची सोय. तोवर मी लिंक काढून टाका म्हणून शेकडो पत्रे लिहिली होती, आणि ज्यांना लावण्याचे पैसे दिले होते त्यांतील काहींनी काढण्याचेही मागितले. मे २०१३ मध्ये पेंग्विनची पुढची आवृत्ती आली, तेव्हा कुठे पाने परत वर येऊ लागली.

दरम्यान आमचे माजी भागीदार रस्त्यापलीकडे कार्यालय थाटून ‘महिन्याभरात पहिला नंबर’ विकत होते. कोणीही शोधत नाही असा चार-पाच शब्दांचा लांबलचक कीवर्ड निवडायचा, त्यावर सहज पहिले यायचे, आणि ग्राहकाच्याच मोबाइलवर, जिथे तो रोज आपली वेबसाइट उघडत असल्याने ती वरच दिसते, ते दाखवून धनादेश घ्यायचा, ही त्यांची पद्धत. म्हणून सांगतो, कोणी पहिला नंबर दाखवला तर त्या शब्दावर गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये इम्प्रेशन्स किती आहेत, म्हणजे पान निकालांत किती वेळा दिसले, ते आधी विचारावे. कीवर्ड प्लॅनर या गूगलच्या आताच्या कीवर्ड टूलमधील ‘कॉम्पिटिशन’चा रकाना जाहिरातदारांची स्पर्धा दाखवतो, फुकटच्या निकालांतील नव्हे, हे अजूनही पुष्कळांना ठाऊक नसते, आणि शब्दाचा शोध कधी वाढला-घटला हे दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्सवरील १०० म्हणजे शंभर शोध नव्हेत, तर निवडलेल्या काळातील सर्वोच्च पातळी. २०१६ पासून जाहिरातीवर फारसा खर्च न करणाऱ्यांना प्लॅनर ‘१०० ते १ हजार’ अशी ढोबळ पट्टीच दाखवतो. बंबाच्या व्यापाऱ्याने तिच्यावरून माल भरू नये.

त्यानंतरची वर्षे बरी गेली. २०१५ च्या सिंहस्थात लॉजमालकांचे काम मिळाले, माणसे दोनाची सात झाली, आणि आता २०२७ च्या सिंहस्थासाठी चौकशा सुरू आहेत. काकांचे चिरंजीव दर रविवारी वहीच्या पानाचा फोटो पाठवतात. परवाच्या पानावर ‘इंडक्शनवर चालेल असं पितळेचं पातेलं’ तीनदा होते.

पळवलेल्या त्या यादीत लोकांची चुकीची स्पेलिंगे मी मुद्दाम नोंदवली होती, पण एक चूक निव्वळ माझ्या बोटांची होती. रात्री उशिरा टंकताना मी ‘कल्हई’चे ‘कल्हाई’ केले होते. रस्त्यापलीकडच्यांनी सांभाळलेल्या एका भांड्यांच्या वेबसाइटवर ते आजही ठळक अक्षरांत, मथळ्यातच आहे.