काका झोपेचा हिशेब ठेवायचे

मी स्लीप लॅबमध्ये नाइट ड्युटी करते, म्हणजे लोक झोपतात आणि मी त्यांच्याकडे बघत जागी राहते. घरचे अजून विचारतात की तुला पगार नक्की कशाचा मिळतो. असो.

त्या रात्री आलेले काका साठीच्या पुढचे, सगळी नोकरी हिशेबाची. तक्रार एकच, दोन वर्षं झोप नाही. घोरतातही, म्हणून डॉक्टरांनी आधी झोपेत श्वास अडकतो का ते बघायला टेस्ट लावलेली, कारण तसं काही असेल तर ते ध्यान करून जात नाही, त्याचा वेगळा इलाज लागतो. डोकं, डोळ्यांच्या कडा, हनुवटी, छाती, पाय, सगळीकडे वायरी लावायला पाऊण तास गेला आणि तेवढ्यात काकांनी सगळं सांगून टाकलं. सहा महिने रोज रात्री माइंडफुलनेस करतोय मॅडम, ते आत्ताच्या क्षणाकडे नुसतं लक्ष द्यायचं ध्यान, उपयोग शून्य. म्हटलं कसं करता? तर अंथरुणात पडून शंभर श्वास मोजायचे, मधे चुकलं की पुन्हा एकपासून. शंभर झाले की घड्याळ बघायचं. झोप आली नसेल तर दुसरा राउंड! मला हसू आलं पण त्यांचा चेहरा इतका सिरियस होता की गिळलं.

लाइट बंद केले, मी माझ्या खोलीत स्क्रीनसमोर. डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या भागातून मेंदूच्या अल्फा लहरी येतात, सेकंदाला साधारण ८ ते १३, म्हणजे माणूस शांत आहे पण जागा आहे. झोप लागायला लागली की त्या तुटतात. काकांच्या काही तुटेनात. हनुवटीच्या स्नायूची रेघ जाडच्या जाड, म्हणजे दात आवळलेले, आणि कॅमेऱ्यात बघितलं तर ओठ हलतायत. मोजत होते! थोड्या वेळाने इंटरकॉमवर आवाज, "मॅडम, किती वाजले?" आम्ही वेळ सांगत नाही. अर्ध्या तासाने परत, "मॅडम, मधे मला लागली होती का हो?" असा प्रश्न मला नोकरीत पहिल्यांदाच कोणी विचारला.

कपाळाला इतक्या आठ्या की तिथली एक इलेक्ट्रोड सुटली, म्हणून आत जावं लागलं. आता मी टेक्निशियन, थेरपी हे माझं काम नाही, पण आमच्या सायकॉलॉजिस्ट मॅडमच्या आठ आठवड्यांच्या माइंडफुलनेस ग्रुपमध्ये मी मागे बसलेय, त्यामुळे राहवलं नाही. म्हटलं काका, तुम्ही ध्यान करत नाही, तुम्ही झोपेची वसुली करताय. ते म्हणाले मग या सगळ्याला पुरावा तरी आहे का? हिशेबी माणूस, त्यांना आकडाच लागणार. सांगितलं की २०१५ मध्ये अमेरिकेत ४९ जणांवर अभ्यास झाला, सगळे तुमच्याच वयाचे, झोपेची तक्रार असलेले, सहा आठवडे, आठवड्याला दोन तास. ज्यांना माइंडफुलनेस शिकवलं त्यांचा झोपेच्या त्रासाचा स्कोअर १०.२ वरून ७.४ वर आला आणि ज्यांना नुसते झोपेच्या सवयींचे धडे दिले त्यांचा ९.१ वर. काका लगेच म्हणाले, "पाचाच्या वर म्हणजे खराब ना? मग सातही खराबच." बरोबर पकडलं! म्हटलं हो, जादू नाहीये ती, म्हणून तर डॉक्टर निद्रानाशासाठी आधी सीबीटी, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायची थेरपी, सांगतात, हे त्याच्या जोडीला.

मग एवढंच सांगितलं की आज झोपायचं नाही, मला तुमचं जागेपणाचं रेकॉर्डिंग पण चालतं. मोजणं बंद. पाठ गादीला कुठे टेकलीय, एसीचा आवाज येतोय, श्वास आत-बाहेर होतोय, जे येईल ते येऊ दे. झोप नाही लागली असा विचार आला तर तोही एसीच्या आवाजासारखाच समजा.

बाहेर येऊन बसले. दहा-बारा मिनिटांनी हनुवटीची रेघ बारीक झाली, मग अल्फा विस्कटल्या, डोळे संथ तरंगायला लागले आणि थोड्या वेळाने पहिली स्पिंडल दिसली, मेंदूच्या लहरींतली जेमतेम सेकंदभराची बारीक थरथर, पण ती दिसली की माणूस नक्की झोपला. इतकी वर्षं बघतेय तरी बरं वाटतं. आता हे माझ्या बोलण्याने झालं असं मी अजिबात म्हणणार नाही, मध्यरात्र उलटून गेली होती, दमलेही असतील.

सकाळी वायरी काढताना म्हणाले, तासभर लागली असेल फार तर. रेकॉर्डमध्ये होते ४ तास ४० मिनिटं. निद्रानाशवाल्यांचं असं खूपदा होतं, मधे मधे जाग येते तेवढीच लक्षात राहते आणि तीच रात्र वाटते. पण रिपोर्ट सांगणं डॉक्टरांचं काम, मी गप्प बसले. श्वासाचं काही निघालं नाही, घोरणं नुसतंच घोरणं होतं. मग त्यांना सीबीटी आणि तो ग्रुप दोन्ही सुरू केलं.

दोन-अडीच महिन्यांनी फॉलोअपला आले तेव्हा कॉरिडॉरमध्ये भेटले. निद्रानाशाचा स्कोअर २८ पैकी १९ होता तो १२ वर आलेला, कागद स्वतःच दाखवला, आकड्यांची सवय कुठली जायला. पहाटे तीनला जाग अजून येतेच म्हणाले. मी विचारलं, आणि घड्याळ?

"कपाटात ठेवलंय. टिकटिक ऐकू येते तरी. येऊ दे."