साडेपाच इंच

२ जुलै, बुधवार

डावा गुडघा झिजलाय. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनची घाई नाही, पण बाहेर पडताना काठी घेत जा." मनाशी मी ऑपरेशनची तयारी करून गेले होते, काठीची नाही. तीन आठवडे जिन्याचा कठडा धरून उतरले, रस्त्यावर भिंती धरल्या. आज मात्र काठी टेकत भाजी आणली.

आधी सूनबाईने ऑनलाइन मागवलेली घडीची आली. जांभळ्या फुलांची. आत इलॅस्टिकची दोरी, झटका दिला की चारही तुकडे खटाखट जुळतात. नातवाला फार आवडली. बसमध्ये सोयीची आहे, पर्समध्ये मावते, पण मूठ कडक प्लॅस्टिकची आणि अरुंद. सारसबागेला एक फेरी मारली तोवर तळव्याला वळ.

मग सर्जिकलच्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने खाली चार पाय असलेली पुढे केली. "काकू, ही कधी पडणार नाही." काठी पडली नसती हे खरं. पण तिचे चारही पाय एकदम टेकायला हवेत, आणि आमच्या फुटपाथच्या उखडलेल्या ब्लॉकांवर एक पाय कायम अधांतरी. शिवाय आमच्या जिन्याची पायरी एवढीशी, त्यावर त्या चौरंगाने मावायचं कुठे? ज्यांचा तोल जातो त्यांच्यासाठी ती चांगली असेल. माझा तोल ठीक आहे, गुडघा नाही. अ‍ॅल्युमिनियमची साधी होती, बटण दाबून कमीजास्त करायची. वजनाला हलकी, पकड छान, किंमतही बरी. दुकानातल्या आरशात पाहिलं आणि वाटलं, आता कुणीतरी केसपेपर विचारणार. ठेवून दिली. हो, दिसण्याचा विचार केला. चष्म्याची फ्रेम निवडताना आपण अर्धा तास घालवतो, तेव्हा कुणी काही म्हणत नाही.

घरी आल्यावर माळ्यावरून अण्णांची काठी काढली. महाबळेश्वरच्या बाजारातून लोक चणे आणि चपला आणतात, अण्णांनी ही आणली होती. जवळजवळ काळं लाकूड, छत्रीसारखी वाकडी मूठ, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेली. टेकायला ती त्यांना कधी लागली नाही. कुत्री हाकलायला, आणि रोज सकाळी देवासाठी चाफ्याची फांदी ओढायला.

फिजिओथेरपीवाल्या मुलीने ती माझ्या हातात देऊन मला उभं केलं आणि हसायलाच लागली. माझा खांदा कानाला भिडला होता. मग रोजचे बूट घालायला लावले, हात सैल सोडायला सांगितले आणि जमिनीपासून मनगटाच्या रेषेपर्यंत टेप लावली. एकतीस इंच. काठी छत्तीस. "मूठ मनगटाशी आली पाहिजे काकू, म्हणजे टेकताना कोपर जरासं वाकतं." सपाट मूठ तळव्याला जास्त सोसते हेही तिने सांगितलं, पण वाकडी मूठ भाजी निवडताना कोपराला अडकवता येते, या माझ्या मुद्द्यावर ती गप्प बसली.

खालच्या रबराची जाडी अर्धा इंच, म्हणून कापायची साडेपाच. सुताराने दोनदा मोजलं, पेन्सिलीची खूण केली आणि माझ्याकडे पाहिलं. "काकू, एकदा कापली की चिकटत नाही." मी म्हटलं, कापा. करवत चालू असताना रस्त्याकडे बघत उभी राहिले.

एक गोष्ट आमच्या दोघांच्याही लक्षात आली नव्हती. काठी खाली निमुळती होत जाते. वरून कापली तर मूठ जाणार, म्हणून खालून कापली, तर आता टोक जाड झालं आणि आधी आणून ठेवलेलं रबर बसेना. पुन्हा दुकान, मोठ्या मापाचं रबर. पावसात ओल्या फरशीवर सगळी भिस्त त्या रबरावरच, त्यावरच्या रेघा झिजल्या की लगेच बदलायचं.

काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरायची नाही, हे मला साठी उलटल्यावर कळलं. डावा गुडघा, तर काठी उजव्या हातात. डावा पाय आणि काठी एकदम पुढे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. उजवा हात अडकला की पिशवी, मोबाइल, सुट्टे पैसे यांची पंचाईत होते, तेव्हा आडवी पर्स गळ्यात घातली. निळी साडी, काळी काठी. वाईट दिसत नव्हतं.

"काय झालं हो?" गेटपर्यंत चौघांनी विचारलं. चौथ्याला नुसतं "गुडघा" म्हटलं आणि पुढे झाले.

येताना कंपाउंडमधल्या चाफ्याशी थांबले, मूठ वर करून फांदीला लावून पाहिली. पोचली नाही. वॉचमन बघत होता, त्याने उडी मारून दोन फुलं काढून दिली.