कॅटरिनच्या बोटीत मी का बसत नाही

ग्लासगोला आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो: लॉक कॅटरिनला (लॉक म्हणजे तळं) आम्हाला गाडीने नेता, तिकिटं काढून देता, मग स्वतः बोटीत का बसत नाही? आजवर "बोट लागते" म्हणत आले. खोटं होतं ते.

तळ्यावर राग नाही. आमच्या नळाला पाणी तिथलंच. १८५३-५४ च्या कॉलऱ्याने या शहरातली जवळपास ४ हजार माणसं नेली, आणि १८५९ मध्ये बेटमन नावाच्या इंजिनिअरने सुमारे ४२ किलोमीटरवरून हे पाणी आणलं. मैलाला १० इंच उतार, पंप एकही नाही. (मुंबईला विहारचं पाणी मिळालं ते पुढच्याच वर्षी.) त्याला नावं ठेवणारी मी कोण?

पण दादा आले होते तेव्हाचं सांगते. आमची वाडी कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात गेली, तेव्हा ते बारा वर्षांचे होते. मी धक्क्यावर उभी राहून गाइडसारखी बडबडत होते: हिमनदीने कोरलेलं, १३ किलोमीटर लांब, १५१ मीटर खोल, स्कॉटलंडचा तो प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय इथलाच, वरच्या टोकाला ग्लेनगाइलला जन्मला. दादांचं डोंगराकडे लक्षच नव्हतं. ते काठाकडे बघत होते.

"खाली किती गावं हायेत?"

मी हसले. चक्क हसले. म्हटलं, "दादा, हे धरण नव्हे. निसर्गाचं तळं आहे."

"मग काठाला ही उघडी पट्टी कशाची?"

पाणी उतरलं की जिथे गवतही उगवत नाही, ती पट्टी. शिवसागराला असते तशीच. मला उत्तर आलं नाही. दादा बोटीत बसले नाहीत, आणि मग मीही नाही.

नंतर वाचलं. तळं निसर्गाचंच, पण तोंडाशी बांध घालून पातळी चढवली, पुढे आणखी चढवली. तळ्यातल्या एलनच्या बेटासमोरचा रुपेरी वाळूचा किनारा, ज्यासाठी लोक मुद्दाम यायचे, तो पाण्याखाली गेला.

आता तुम्ही म्हणाल, वाळूच्या किनाऱ्याची आणि तुमच्या वाडीची बरोबरी कशी? नाहीच होत. मीही स्वतःला हेच सांगते. इथे शहर वाचलं. तिकडेही वीज आलीच की, असं म्हणायला जाते आणि जीभ अडते.

त्या रात्री जेवताना दादांनी नळाचं पाणी दोन पेले प्यायलं. "गोड हाय," म्हणाले, आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

शनिवारी या. तिकिटं काढून ठेवते. मी धक्क्यावरच्या कॅफेत बसेन.